रोमँटिसिझमची सूत्रं एका धाग्यात कशी येतात?

प्रश्नाचा मथितार्थ असा: एम.ए.च्या अभ्यासात रोमँटिसिझमची, म्हणजे १८०० च्या आसपास युरोपात बहरलेल्या साहित्यचळवळीची, वैशिष्ट्यं म्हणून सगळीकडे तीच यादी मिळते. निसर्गप्रेम, कल्पनाशक्ती, भावनेला प्राधान्य, व्यक्तिवाद, सामान्य माणूस, बालपण, अद्भुताचं आणि भयाचं आकर्षण, स्वातंत्र्याची ओढ. यादी पाठ होते, पण कविता समोर आली की तिचा उपयोग होत नाही. या सूत्रांचा एकमेकांशी संबंध काय? निसर्ग हेच मुख्य सूत्र मानायचं का? आणि केशवसुत, बालकवी यांना रोमँटिक म्हणतात ते कितपत बरोबर?

यादी खोटी नाही. पण एका कलमातून दुसरं कसं निघतं हे ती सांगत नाही. त्यामुळे इंग्रजी कवी वर्डस्वर्थची 'टिंटर्न ॲबी' वाचायला घेतली की विद्यार्थी तिच्यावर 'निसर्गप्रेम' असा शिक्का मारतो आणि मोकळा होतो. वर्गात हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता पहिल्या तासाला मी यादी देतच नाही, थेट कविता देते.

अभ्यासकांमध्येही हा वाद जुना आहे. आर्थर लव्हजॉय यांनी १९२४ मध्ये म्हटलं की या एका नावाखाली इतक्या परस्परविरोधी गोष्टी गोळा झाल्या आहेत की 'रोमँटिसिझम' हा शब्द अनेकवचनातच वापरावा. त्यावर १९४९ मध्ये रेने वेलेक यांनी उत्तर दिलं: इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स, कुठेही पाहा, तीन गोष्टी समान सापडतात. कविता हे कल्पनाशक्तीचं काम आहे ही धारणा, निसर्ग जिवंत आहे ही दृष्टी, आणि प्रतीक व मिथक यांतून बोलणारी शैली. मी वेलेक यांच्या बाजूची आहे. मात्र या तिन्हींच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो, आणि तो हातात धरला तर तुमची अख्खी यादी त्याच्याभोवती आपोआप लागते. माणसाचं मन जगाकडून फक्त घेतं, की जगाला काही देतंही?

अठराव्या शतकातलं इंग्लंड तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या प्रभावाखाली होतं. लॉकच्या मते मन हा कोरा कागद; अनुभव त्यावर लिहीत जातो. रोमँटिक कवी याच समजुतीत वाढले आणि तिच्याशी झगडले. मन कागद नाही, ते लिहिणारंही आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. एम. एच. एब्रम्स यांच्या १९५३ च्या प्रसिद्ध ग्रंथाचं नावच 'आरसा आणि दिवा' या अर्थाचं आहे, ते याचसाठी: आधीच्यांना मन आरशासारखं वाटत होतं, यांना दिव्यासारखं.

आता हे कवितेत पाहू. शाळेत सगळ्यांनी वाचलेली डॅफोडिल्सची कविता घेऊ, कारण तिच्यामागची सामग्री आपल्याला जवळजवळ तासाच्या हिशेबाने उपलब्ध आहे. १५ एप्रिल १८०२ रोजी विल्यम वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी अल्सवॉटर सरोवराच्या काठाने पायी घरी चालले होते. वारा एवढा बेफाम होता की मागे फिरावं की काय असं त्यांना वाटलं. डोरोथीच्या रोजनिशीत पुढे येतं ते असं: आधी पाण्याकाठी थोडी फुलं दिसली, पुढे गेलो तशी आणखी, आणि मग झाडांखालून काठाने लांबच लांब पट्टा, गावाकडच्या सडकेएवढा रुंद. काही फुलांनी थकून उशीवर टेकावं तशी शेवाळलेल्या दगडांवर मान टाकली होती. बाकीची डोलत, झोकांड्या खात, नाचत होती, आणि सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर खरोखर हसताहेत असं वाटत होतं.

वर्डस्वर्थने कविता लिहिली १८०४ मध्ये, दोन वर्षांनी. ती छापली गेली १८०७ मध्ये. मधल्या काळात काय काय गळलं ते बघा. डोरोथी गळाली, कवितेत कवी एकटाच ढगासारखा भटकतो आहे. बेफाम वाऱ्याची झुळूक झाली. दगडांवर मान टाकलेली, दमलेली फुलं गेली. आता सगळीच नाचतात. आणि डोरोथीच्या नोंदीत ज्याचा मागमूस नाही असं एक कडवं शेवटी आलं: कवी घरात कोचावर पडला आहे, मन रिकामं किंवा उदास आहे, आणि ती फुलं 'अंतर्नेत्रा'समोर चमकून जातात. अंतर्नेत्राच्या त्या दोन ओळी आपली बायको मेरी हिने सुचवल्या, असं वर्डस्वर्थने स्वतः सांगितलं आहे. म्हणजे एकांताची सगळ्यात प्रसिद्ध इंग्रजी कविता तीन माणसांनी मिळून घडवलेली आहे. हे सांगण्यात कवीला कमी लेखण्याचा हेतू नाही. मला दाखवायचं आहे ते हे की कवितेचा विषय फुलं नाहीत. फुलं पाहताना आपल्याला काय मिळतं आहे हे कळलं नव्हतं, असं कवी तिसऱ्या कडव्यात स्पष्ट म्हणतो. खरी घटना कोचावर घडते, मनात.

इथेच भावनेविषयीचं पाठ्यपुस्तकी वाक्यही तपासून घ्या. कविता म्हणजे प्रबळ भावनांचा उत्स्फूर्त उद्रेक, हे वर्डस्वर्थच्या प्रस्तावनेतलं वाक्य प्रत्येक उत्तरपत्रिकेत असतं. 'लिरिकल बॅलड्स' हा कवितासंग्रह पहिल्यांदा १७९८ मध्ये निनावी निघाला, ही प्रस्तावना १८०० च्या दुसऱ्या आवृत्तीला जोडली गेली आणि १८०२ मध्ये वाढवली गेली. त्यात त्याच दमात तो पुढे म्हणतो की मोलाची कविता त्याच माणसाच्या हातून होते ज्याने दीर्घ आणि खोल विचारही केलेला असतो. आणि नंतर, की कवितेचा उगम शांतपणे आठवलेल्या भावनेत असतो. अर्धंच वाक्य उचलल्यामुळे रोमँटिक कवी म्हणजे भावनेच्या भरात लिहिणारा, हा गैरसमज इतका घट्ट बसला आहे. प्रत्यक्षात भावना, मग काळ, मग आठवण, मग विचार आणि त्या विचारातून पुन्हा जागी झालेली भावना, एवढा लांबचा प्रवास आहे. दोन वर्षांनी लिहिलेली डॅफोडिल्स हा त्याचा पुरावाच आहे.

'टिंटर्न ॲबी'त हाच प्रवास पाच वर्षांचा आहे. कवितेच्या लांबलचक शीर्षकात तारीखसुद्धा दिली आहे: १३ जुलै १७९८. वाय नदीच्या काठी कवी पाच वर्षांनी परत आला आहे. शीर्षकात मठाचं नाव आहे, पण कवितेत मठाचा भग्नावशेष एकदाही दिसत नाही. दिसतं ते असं: उंच कडे, फळबागा, रानोमाळ धावणाऱ्या कुंपणाच्या रेघा, झाडीतून शांतपणे वर चढणारा धूर. मग कवी सांगतो की शहरातल्या खोल्यांत, गोंगाटात, थकल्या वेळी याच दृश्यांनी त्याला तारलं. पुढे ती ओळ येते जिच्यावर मी अख्खा एक तास घालवते: डोळे आणि कान जगाला जे 'अर्धं घडवतात आणि ग्रहणही करतात'. लॉकचा कोरा कागद इथे फाटला. आणि 'अर्धं' या शब्दात केवढी सावधगिरी आहे! वर्डस्वर्थ असं म्हणत नाही की जग हे मनाचा खेळ आहे. नदी तिथे आहेच. पण ती दिसते कशी, यात पाहणाऱ्याचा वाटा आहे.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: निसर्ग हे मुख्य सूत्र नाही. मन आणि निसर्ग यांच्यातली देवघेव हे मुख्य सूत्र आहे. नुसतं निसर्गवर्णन तर अठराव्या शतकातही भरपूर होतं. जेम्स टॉमसनचं 'द सीझन्स' पानोपानी ऋतूंनी भरलेलं आहे, आणि त्याला कुणी पूर्ण अर्थाने रोमँटिक म्हणत नाही.

मग हा प्रश्न त्याच पिढीला एवढा का टोचला? इथे राजकारण आणावंच लागतं, आणि गाईडं नेमकं तेच गाळतात किंवा 'फ्रेंच राज्यक्रांतीचा प्रभाव' अशा चार शब्दांत उरकतात. वर्डस्वर्थ १३ जुलै १७९० रोजी कॅलेला उतरला, बॅस्टिल पडल्याच्या पहिल्या वर्षदिनाच्या आदल्या दिवशी. सगळा फ्रान्स सणासारखा सजला होता. पुढे १७९१-९२ मध्ये तो तिथे जवळजवळ वर्षभर राहिला. आनेत व्हालों हिच्यापासून त्याला मुलगी झाली. त्या पहाटे जिवंत असणं हाच परमानंद होता, असं त्याने 'प्रिल्यूड' या आत्मचरित्रात्मक दीर्घकवितेत लिहिलं ते या दिवसांबद्दल. मग सप्टेंबर १७९२ च्या कत्तली झाल्या, १७९३ च्या फेब्रुवारीत इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध सुरू झालं, त्यानंतर गिलोटिनचं राज्य आलं. ज्या क्रांतीवर जीव ओवाळला तिच्याशी आपलाच देश लढतो आहे, आणि ती क्रांतीही स्वतःची पोरं खाते आहे, अशा कात्रीत हा तेवीस वर्षांचा तरुण सापडला. 'टिंटर्न ॲबी'त तो पाच वर्षांपूर्वीच्या, म्हणजे १७९३ मधल्या स्वतःबद्दल म्हणतो की आवडत्या गोष्टीमागे धावणाऱ्यापेक्षा कशाला तरी भिऊन पळणाऱ्या माणसासारखा मी या डोंगरांत हिंडत होतो. पळत होता तो कशापासून, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

समाज एका रात्रीत नवा होईल ही आशा मोडली, पण आशेची सवय मोडली नाही. ती आशा मनाकडे वळवली गेली. 'प्रिल्यूड'चा शेवट याच घोषणेवर होतो: माणूस ज्या पृथ्वीवर राहतो तिच्याहून त्याचं मन हजारपट सुंदर होऊ शकतं, हे आम्ही लोकांना शिकवू. १९८३ मध्ये समीक्षक जेरोम मॅगन यांनी याच ठिकाणी बोट ठेवलं. इतिहास सोसवत नाही म्हणून हे कवी मनात शिरतात आणि त्यालाच मुक्ती म्हणतात, असा त्यांचा आक्षेप. त्यानंतरच्या समीक्षकांनी दाखवलं की टिंटर्नचा परिसर तेव्हा लोखंडाच्या कारखान्यांचा होता आणि मठाच्या अवशेषांत भिकारी राहत. विल्यम गिल्पिनच्या १७८२ च्या प्रवासवर्णनात दोन्हींचा उल्लेख आहे. आक्षेप वजनदार आहे आणि उत्तरात तो यायलाच हवा. पण मला तो पुरता पटत नाही. कवितेतला तो धूर बघताना रानात बिनछपराचे राहणारे भटके लोक कवीच्या मनात येतातच, आणि 'मानवतेचं स्तब्ध, दुःखी संगीत' ऐकल्याचं तो स्वतः सांगतो. त्याने दुःख लपवलं नाही; त्याचं काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

सामान्य माणूस हे कलमही इथूनच येतं. मन सगळ्यांपाशी आहे, तर खोलवर भोगण्याची ताकदही सगळ्यांपाशी असणार. जानेवारी १८०१ मध्ये वर्डस्वर्थने आपलं पुस्तक विरोधी पक्षाचे नेते चार्ल्स जेम्स फॉक्स यांना पाठवलं. सोबतच्या पत्रात त्यातल्या दोन कवितांबद्दल लिहिलं की उंची कपडे न घालणारी माणसंही खोलवर भावना अनुभवू शकतात, हे दाखवण्यासाठी त्या लिहिल्या. त्यातली 'मायकेल' तुम्ही जरूर वाचा. म्हातारा मेंढपाळ, कर्जापायी जाऊ घातलेली जमीन, ती वाचवायला शहरात पाठवलेला एकुलता मुलगा. जाण्याआधी बाप मुलाच्या हातून नव्या मेंढवाड्याचा पहिला दगड बसवून घेतो. मुलगा शहरात बिघडतो, परागंदा होतो. म्हातारा त्यानंतरही त्या अर्धवट मेंढवाड्यापाशी जात राहतो आणि, गावकरी सांगतात, कित्येक दिवस एकही दगड न उचलता परत येतो. कवितेच्या सुरुवातीला मात्र फक्त ओढ्याकाठचा ओबडधोबड दगडांचा ढीग आहे. कवी म्हणतो की त्याच्या शेजारून जाल आणि तुमचं लक्षही जाणार नाही. गोष्ट कळली की त्याच ढिगाकडे बघवत नाही. दगड तेच असतात. आपल्याकडच्या कुठल्याही दुष्काळी गावातून आलेल्या विद्यार्थ्याला ही कविता समजावून सांगावी लागत नाही.

कवी विल्यम ब्लेक या सगळ्यात वेगळा उभा राहतो. त्याने १७९४ मध्ये 'लंडन' प्रसिद्ध केली: प्रत्येक चेहऱ्यावर खुणा, प्रत्येक आवाजात 'मनाने घडवलेल्या बेड्यां'ची खणखण. मन घडवतं हे त्यालाही मान्य आहे. पण मन तुरुंगही घडवतं, ही त्याची भर. त्याच्या चिमणी साफ करणाऱ्या पोरांच्या दोन कविता, एक १७८९ ची आणि दुसरी पाच वर्षांनंतरची, शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की बालपण हे सूत्र गोड आठवणींचं नाही हे कळतं. लहान मूल अजून बेड्या शिकलेलं नसतं, आणि त्याच्याकडून कोण काय करून घेतं ते तो दाखवतो.

आता या सगळ्या चळवळीतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. १८०२ चा वसंत. वर्डस्वर्थने एक ओड, म्हणजे भावगंभीर दीर्घ कविता, सुरू केली: एक काळ होता, जेव्हा कुरण, रान, ओढा, सगळं मला स्वर्गीय तेजाने नटलेलं दिसायचं, ते तेज, ते स्वप्न आता कुठे गेलं? चार कडवी झाली आणि तो इथेच अडकला. पुढची कडवी त्याला दोन वर्षं सुचली नाहीत. ही चार कडवी त्याचा मित्र, कवी कोलरिज याच्या कानी आली. कोलरिज तेव्हा मोडलेला होता: अफूचं व्यसन, बिनसलेला संसार, आणि ज्या सारा हचिन्सनवर त्याचं प्रेम होतं ती वर्डस्वर्थच्या होणाऱ्या बायकोची बहीण. ४ एप्रिलला त्याने तिला उद्देशून एक लांबलचक पद्यपत्र लिहिलं. त्यातूनच कापून-छाटून 'डिजेक्शन' ही ओड तयार झाली आणि 'मॉर्निंग पोस्ट'मध्ये ४ ऑक्टोबर १८०२ रोजी छापली गेली. तो वर्डस्वर्थच्या लग्नाचा दिवस होता.

त्या कवितेत कोलरिज पश्चिमेच्या आकाशाकडे पाहतो. हिरवट-पिवळी छटा, ढगांच्या चिरफाळ्या, चंद्रकोर, तारे. ती सगळी किती सुंदर आहेत ते मला दिसतं, तो म्हणतो, पण जाणवत नाही. आणि मग मित्राच्या प्रश्नाचं उत्तर देतो: आपण देतो तेवढंच आपल्याला निसर्गाकडून मिळतं; आपल्याच जीवनामुळे निसर्ग जगतो. तेज बाहेरून येत नाही, आत्म्यातून निघावं लागतं. माझ्यातून ते निघेनासं झालं आहे.

रोमँटिसिझमचं सगळं वैभव आणि सगळी भीती या एका ठिकाणी आहे. मन जर जगाला उजेड देतं, तर मन विझलं की जग विझणार. आरशाला ही भीती नसते. निराशा, हरवलेपणाची भावना, भूतकाळाची ओढ, व्यसनं, अकाली थकवा, ही जी उदास कलमं यादीच्या शेवटी टाकलेली असतात ती कल्पनाशक्तीच्या कलमाची दुसरी बाजू आहेत. वर्डस्वर्थने १८०४ मध्ये आपली ओड पुरी केली. तेज गेलं हे त्याने मान्य केलं, आणि जे उरलं त्यातून बळ शोधू असं म्हटलं. कोलरिजने पुढे १८१७ मध्ये 'बायोग्राफिया लिटररिया'त कल्पनाशक्तीचा सिद्धान्त मांडला, जो आपण परीक्षेसाठी पाठ करतो. तो वाचण्याआधी 'डिजेक्शन' वाचा. सिद्धान्ताची किंमत काय मोजली होती ते समजेल.

अद्भुताचंही तसंच. कोलरिज सांगतो की दोघांनी काम वाटून घेतलं होतं: वर्डस्वर्थने रोजच्या गोष्टींना नवलाई द्यायची, आणि त्याने स्वतः अलौकिक गोष्टींना माणसाच्या मनाचं सत्य द्यायचं. कोलरिजच्या 'एन्शंट मरिनर' या कवितेत नाविक विनाकारण अल्बाट्रॉस पक्ष्याला मारतो आणि मग सडक्या समुद्रावर त्याला बुळबुळीत प्राणी सरपटताना दिसतात, किळस येते. पुढे चांदण्यात त्याच पाण्यातले साप त्याला निळे, हिरवे, मखमली काळे दिसतात आणि नकळत त्याच्या तोंडून आशीर्वाद निघतो. त्या क्षणी गळ्यात बांधलेला मेलेला पक्षी गळून पडतो. समुद्र बदलला नाही, पाहणारा बदलला. भूतबाधेची गोष्ट आणि डॅफोडिल्स एकाच प्रश्नाभोवती फिरतात ते असं.

मेरी शेलीने हाच प्रश्न उलटा करून विचारला. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही, आणि जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसाने घरात कोंडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायचं ठरवलं. त्यातून 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी आली, १८१८ मध्ये, निनावी. निर्मिती करणाऱ्या मनाचा एवढा गौरव चालला असताना अठरा वर्षांच्या मुलीने विचारलं: निर्माण करून टाकून दिलं तर? व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनचा गुन्हा जीव घडवण्याचा नाही, तो जीव डोळे उघडताच त्याला सोडून पळण्याचा आहे. एकलकोंड्या प्रतिभावंताचं इतकं कठोर परीक्षण त्या काळात दुसऱ्या कुणी केलं नाही.

बायरनवर मी फार वेळ घालवणार नाही. शापित, गर्विष्ठ, देखणा नायक त्याने युरोपभर पसरवला आणि १८२४ मध्ये ग्रीसच्या स्वातंत्र्यासाठी गेला असता तापाने मेला. पण त्याची खरी ताकद उपहासात आहे आणि ती अठराव्या शतकाकडून आलेली आहे. मेरीचा नवरा, कवी पर्सी शेली याचं तसं नाही. मँचेस्टरमध्ये १६ ऑगस्ट १८१९ रोजी सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर शांत सभेवर घोडदळ घातलं गेलं; हीच पीटर्लूची कत्तल. बातमी इटलीत शेलीपर्यंत पोहोचली, आणि त्याच शरद ऋतूत फ्लॉरेन्सजवळच्या रानात त्याने पश्चिमवाऱ्यावरची ओड लिहिली. वाळकी पानं हाकणाऱ्या वाऱ्याला तो म्हणतो, माझे मेलेले विचार असेच जगभर उधळ. त्या पानांवर आणि बियांवर निसर्गप्रेमाचा शिक्का मारला तर त्या वर्षी जमिनीवर काय सांडलं होतं ते दिसत नाही.

कीट्स मात्र या घरातला विरोधी पक्ष आहे, आणि म्हणून तो मला फार जवळचा. ऑक्टोबर १८१८ मधल्या एका पत्रात तो वर्डस्वर्थच्या वृत्तीला 'अहंकारी उदात्त' म्हणतो आणि सांगतो की कवीला स्वतःचं स्वत्व नसतं. तो सतत दुसऱ्या कुणाच्या तरी देहात शिरतो. त्याआधी डिसेंबर १८१७ मध्ये त्याने तो गाजलेला मुद्दा मांडला होता: अनिश्चितीत, गूढात, शंकेत राहता येणं, आणि तर्काचा आधार शोधायला न धावणं. डिसेंबर १८१८ मध्ये त्याचा धाकटा भाऊ टॉम क्षयाने गेला. कीट्सनेच त्याची शुश्रूषा केली होती. पुढच्या वसंतात 'नाइटिंगेल'मध्ये तरुणपण फिकटून, भुतासारखं कृश होऊन मरतं ही ओळ येते. पक्ष्याच्या गाण्यात विरघळून जावंसं वाटणारा हा कवी शेवटी परत येतो आणि विचारतो: मी जागा आहे की झोपेत? मनाने दिलेल्या उजेडावर किती भिस्त ठेवायची, ही शंका त्याने उघडी ठेवली. १९ सप्टेंबर १८१९ रोजी विंचेस्टरला लिहिलेल्या 'टू ऑटम'मध्ये तर 'मी' हा शब्दच नाही. फेब्रुवारी १८२१ मध्ये तो रोममध्ये वारला, पंचविसाव्या वर्षी.

भारताचा धागा इथे आहे तो जर्मनीमार्गे. विल्यम जोन्सने केलेलं 'शाकुंतला'चं इंग्रजी भाषांतर १७८९ मध्ये कलकत्त्यात निघालं, १७९१ मध्ये गेओर्ग फोर्स्टरने ते जर्मनमध्ये नेलं, आणि ग्योथेने त्यावर स्तुतीचा चौपदी श्लोक लिहिला. जर्मन रोमँटिकांचा एक अग्रणी ऑगस्ट श्लेगेल पुढे बॉनला संस्कृतचा प्राध्यापक झाला. हे आवर्जून लिहा. सगळी देवाणघेवाण एकाच दिशेने झाली असं नाही.

आता केशवसुत आणि बालकवी. केशवसुतांना (१८६६–१९०५) रोमँटिक म्हणण्याला भक्कम आधार आहे, आणि तो 'तुतारी'तल्या बंडाहूनही 'आम्ही कोण?'मध्ये जास्त आहे. 'आम्हांला वगळा, गतप्रभ झणी होतील तारांगणे', ही ओळ कोलरिजच्या 'आपल्याच जीवनामुळे निसर्ग जगतो' या ओळीशेजारी ठेवून बघा. मन तेज देतं म्हणून तारे चमकतात, हा तोच सिद्धान्त. फरक असा की कोलरिजने तो तेज गमावल्यावर लिहिला आणि केशवसुतांनी ऐन भरात, ठणकावून. 'झपूर्झा'त ज्ञाताचं कुंपण ओलांडणारी जी तंद्री आहे तीही याच कुळातली. त्यांच्या आशेमागे मात्र बॅस्टिल शोधू नका. ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले, आगरकरांच्या विचारांनी भारले गेले. 'सुधारक' १८८८ मध्ये निघाला आणि 'तुतारी' १८९३ ची. तिचा रोख रूढींवर आणि माणसामाणसांतल्या भेदांवर आहे. 'आमच्याकडची क्रांती' म्हणायचीच तर ती ही.

बालकवींबद्दल (१८९०–१९१८) जरा जपून. त्यांना 'निसर्गकवी' म्हणून सरसकट वर्डस्वर्थच्या पंगतीला बसवतात, ते मला पटत नाही. 'औदुंबर'च्या आठ ओळींत झरा आहे, टेकडीपलीकडचं चार घरांचं गाव आहे, शेतमळे आहेत, हिरव्या कुरणातून अडखळत काळ्या डोहाकडे जाणारी पांढरी पायवाट आहे, आणि पाण्यात पाय टाकून बसलेलं झाड आहे. आठवण नाही, पाच वर्षांपूर्वीचा 'मी' नाही, आताचाही नाही. कवी झाडात शिरून बसला आहे. ही 'टू ऑटम'च्या कीट्सची रीत आहे. उलट 'पारवा'मध्ये पडक्या धर्मशाळेच्या कौलारावरचा पक्षी खिन्न गातो, आणि ती खिन्नता कुणी कुणाला दिली हा प्रश्न लगेच उभा राहतो. तिथे बालकवी कोलरिजच्या बाजूला सरकतात. परीक्षेत त्यांच्यावर लिहायचं झालं तर या दोन कविता समोरासमोर ठेवा आणि प्रत्येक ओळीपाशी एवढंच तपासा की इथे जगाने मनाला काय दिलं आणि मनाने जगाला काय. 'फुलराणी' त्यानंतर घ्या. तिच्यात बहुतेक सगळं मनानेच दिलेलं आहे.